आधारची झेरॉक्स जाते कुठे?

झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक मोबाईल नंबर चिकटवलेला असतो: ‘प्रिंटसाठी इथे व्हॉट्सॲप करा’. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ते व्हॉट्सॲप सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, दहावीची सनद, सगळं एकाखाली एक येत राहतं. आपली प्रिंट निघाली, पाच रुपये दिले, आपण निघालो. फाइल तिथेच राहिली.

ऑनलाइन गोपनीयतेचा विषय निघाला की चर्चा होते ती मोठ्या कंपन्यांची आणि ‘फोन आपलं बोलणं ऐकतो का’ याची. ती व्हावीच. पण सामान्य माणसाच्या ओळखपत्राला खरी गळती लागते ती या काउंटरवर, लॉजच्या रिसेप्शनवर आणि एजंटच्या मोबाईलमध्ये. ही गळती पुष्कळशी आपल्या हाताने बंद करता येते.

त्या दुकानातल्या कॉम्प्युटरपासूनच सुरुवात करू. आधारच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मवर्ष. म्हणजे सुरेश नावाच्या, 1990 साली जन्मलेल्या माणसाचा पासवर्ड एस-यू-आर-ई-1990. नाव तीनच अक्षरी असेल तर तीन अक्षरं आणि वर्ष. ज्याच्याकडे तुमच्या आधारची एक छापील प्रत आहे आणि तीवर जन्मतारीख आहे, त्याला हा पासवर्ड काढायला अर्धा मिनिट लागतं. त्यामुळे ‘पासवर्ड आहे ना’ या भरवशावर राहू नका. शिवाय कुलूपबंद फाइल पुन्हा पुन्हा उघडायचा कंटाळा आला की दुकानदार ती ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून दुसरी, बिनपासवर्डची प्रत बनवतो. त्यात दुष्टपणा काही नाही, फक्त घाई असते. पण महिन्याभरात त्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आख्ख्या गल्लीची मतदारयादी तयार होते.

यावरचा खरा उपाय म्हणजे पूर्ण नंबर मुळात पाठवायचाच नाही. मास्क्ड आधारमध्ये 12 पैकी पहिल्या 8 अंकांच्या जागी फुल्या असतात, शेवटचे 4 अंक दिसतात. ‘माय आधार’ पोर्टलवर लॉगिन करा, ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर येतो, ‘डाउनलोड आधार’मध्ये जा. तिथे मास्क्ड प्रत हवी का, असा एक चौकोन असतो. त्यात टिक करायची राहून जाते आणि पूर्ण नंबरवालीच प्रत उतरते. बहुतेकांची चूक इथेच होते. फाइल उतरली की उघडून नंबर बघा आणि मगच ती पुढे पाठवा.

प्रिंट झाल्यावर दुकानदाराला फाइल डिलीट करायला सांगताना संकोच करू नका. साधं डिलीट केलं तर ती रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते, शिफ्ट दाबून डिलीट करायला सांगा. आपल्या फोनवरून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तर चॅटमधला मेसेज जातो, पण त्याने आधीच सेव्ह केलेली प्रत जात नाही. काहीजण याच्या उलटं करतात: दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचंच व्हॉट्सॲप क्यूआर स्कॅन करून उघडतात आणि लॉगआउट न करता घरी जातात. हे सगळ्यांत वाईट. आधार तर सोडाच, तुमचे सगळे मेसेज तिथे येत राहतात. आत्ताच फोन काढा, व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव लॉगआउट करा.

आता जुन्या, लॅमिनेट केलेल्या आधारकडे वळू. लोक हुशारीने नंबरावर बोट ठेवून किंवा काळी पट्टी मारून फोटो पाठवतात. त्यात तीन घोटाळे होतात. एक, लांबट पत्रावर नंबर एकाच जागी नसतो: वरच्या पत्राच्या भागात, खाली कार्डाच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूलाही असतो. पुढचा झाकला, मागचा उघडा. दोन, फोनमधल्या एडिटरमध्ये पेनाऐवजी हायलायटर निवडला गेला तर तो अर्धपारदर्शक असतो. तीनचार वेळा गिरवल्यावर काळाकुट्ट दिसतो, पण फोटोचा उजेड वाढवला की खालचे अंक वर येतात. तिसरा घोटाळा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. 2018 पूर्वीच्या आधार पत्रांवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण 12 अंकी नंबर साध्या मजकुरात लिहिलेला आहे. कुठलंही स्कॅनर ॲप तो वाचतं. नंबर झाकला आणि क्यूआर तसाच ठेवला, तर झाकण्याला अर्थ राहत नाही. नंतरच्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि नंबरचे फक्त शेवटचे 4 अंक असतात आणि त्यावर आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची (यूआयडीएआय) डिजिटल सही असते. म्हणून जुनं पत्र फोटोकॉपीसाठी वापरूच नये. नवीन पीडीएफ उतरवून तिचीच प्रिंट ठेवावी.

कागदी झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख, आणि सही. ‘फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी, 12 जून 2025’ असं. लिहायचं ते कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. फोटोच्या कडेवरून नावावर येईल असं लिहा. पेन निळं वापरा, म्हणजे त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढली तर फरक कळतो. आणि मशीनमध्ये अडकलेली, वाकडी आलेली, फिकट निघालेली प्रत दुकानात सोडून येऊ नका. बिघडलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर दुकानदार हिशेब करतात, आणि वडापाव बांधून देणाऱ्यालाही कागद लागतोच.

पण नुसत्या नंबराने होतं काय? नुसत्या नंबराने फारसं काही होत नाही, हे खरं आहे. पैसे जातात ते जोड जुळली की. गावात बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, अंगठा लावून पैसे काढतात, त्याला आधार आधारित पेमेंट म्हणतात. त्यात तीन गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कार्ड लागत नाही. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. आधारच्या झेरॉक्ससोबत पासबुकचं पहिलं पान जोडलं की पहिल्या दोन गोष्टी एकाच पिनला टोचून दिल्या. तिसरी कुठून येते? जमीन-घराच्या दस्तांवर पक्षकारांचे अंगठे असतात. अशा दस्तांच्या ऑनलाइन प्रतींवरून ठसे उचलून, रबर किंवा सिलिकॉनचा नकली अंगठा बनवून खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं काही राज्यांत पोलिसांनी उघड केली आहेत. 2023 मध्ये प्राधिकरणाने ठशाच्या रेषांबरोबर बोट जिवंत आहे का हेही तपासणारी पद्धत आणली. त्यामुळे हे काम अवघड झालं आहे, पण कुलूप आपणही लावावं.

ते कुलूप म्हणजे बायोमेट्रिक लॉक. ‘माय आधार’ पोर्टलवर किंवा एम-आधार ॲपमध्ये ते आहे. लावलं की बोटं, डोळे आणि चेहरा यांवरून होणारी पडताळणी बंद होते. कुणी प्रयत्न केलाच तर मशीनवर 330 हा एरर कोड येतो. ओटीपीची पडताळणी मात्र चालू राहते. फार कमी लोक हे वापरतात आणि जे वापरतात ते नंतर विसरतात. मग रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा उठत नाही, घरातला माणूस बोट पुसून पुसून लाल करतो, दुकानदार सर्व्हरला शिव्या देतो. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याला तेच. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, तेव्हाही तेच. त्यामुळे अंगठा लावायच्या आधी लॉक तात्पुरतं उघडा. एम-आधारमधून ते दहा मिनिटांसाठी उघडतं आणि आपोआप परत लागतं. ज्या घरात आजी दर महिन्याला एकटी रेशनला जाते आणि फोन मुलाच्या खिशात पुण्याला असतो, तिथे तिचं बायोमेट्रिक लॉक लावणं म्हणजे तिचे गहू बंद करणं. तिथे लावू नका.

याच्याशेजारी ‘आधार लॉक’ नावाचं वेगळं कुलूप आहे, दोघांत गल्लत होते. ते लावल्यावर तुमचा 12 अंकी नंबरच पडताळणीला चालत नाही, त्याऐवजी 16 अंकी व्हर्च्युअल आयडी द्यावा लागतो, आणि तो उघडतानाही लागतो. माझं मत विचाराल तर बहुतेकांना बायोमेट्रिक लॉक पुरेसं आहे.

लॉक लावण्याआधी पाच मिनिटं ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ पाहा. मागच्या 6 महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, ओटीपीने की बोटाने, कोणत्या संस्थेने, हे त्यात दिसतं. एका वेळी 50 नोंदी मिळतात. बोटाची नोंद आहे आणि त्या दिवशी तुम्ही कुठेच अंगठा लावला नव्हता, तर थांबू नका: आधी बँक, मग सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. बँकेच्या चुकीशिवाय, तुमच्याही चुकीशिवाय तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे नुकसान तुमच्या माथी येत नाही. तक्रारीची पोच लेखी घ्या.

झेरॉक्सचा दुसरा उपयोग सिमकार्डासाठी होतो. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती कनेक्शन चालू आहेत ते दिसतं. आपल्याकडे एका माणसाला 9 ची मर्यादा आहे. अनोळखी नंबरासमोर ‘हा माझा नंबर नाही’ निवडून कळवता येतं. तुमच्या नावच्या सिमवरून कुणाला फसवलं गेलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतात.

आता लॉज. महाबळेश्वर असो की कळंगुट, रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो ‘आधार द्या’ आणि स्वतःच्या मोबाईलने फोटो काढतो. त्याला हवं असतं फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्ता. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र द्या, किंवा मास्क्ड प्रत. नाहीच म्हणाला तर सुरक्षित क्यूआर स्कॅन करायला सांगा, त्यात त्याला हवं ते सगळं आहे, आणि ते झेरॉक्सपेक्षा खरंही आहे. 27 मे 2022 ला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने नेमकं हेच सांगणारं पत्रक काढलं होतं, झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड प्रत द्या म्हणून. लोक घाबरले, आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. ‘नेहमीची काळजी घ्या’ एवढंच उरलं. सल्ला मात्र बरोबरच होता.

बँकेतही हुज्जत होते. ‘मास्क्ड चालत नाही, पूर्ण हवं.’ सबसिडी किंवा सरकारी अनुदान खात्यात घ्यायचं असेल, किंवा अंगठ्याने ई-केवायसी होणार असेल, तर पूर्ण नंबर लागतो, तिथे वाद घालू नये. पण नुसता पत्त्याचा पुरावा म्हणून झेरॉक्स मागत असतील, तर रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम उलट सांगतात: पडताळणी करायची नसेल तर ग्राहकाने नंबर काळा केला आहे याची खात्री बँकेने करायची. काउंटरवरच्या माणसाला हे बहुधा माहीत नसतं. शांतपणे सांगा, शाखा व्यवस्थापकाकडे जा.

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या नंबराची पडताळणी मशीनवर व्हावी, हीच मूळ कल्पना होती. आपण तिचा कागद केला, कागदाची झेरॉक्स केली आणि झेरॉक्सवर ‘सेल्फ अटेस्टेड’ सही ठोकली. त्या सहीने काही सिद्ध होत नाही. नकली आधारच्या झेरॉक्सवरही ती तितक्याच झोकात करता येते.

घरातल्या फायलीत प्रत्येकाच्या मास्क्ड आधारच्या दोन-दोन प्रिंट काढून ठेवा. दुकानात व्हॉट्सॲप करायची वेळच येणार नाही. आणि फोनच्या गॅलरीत ‘आधार’ म्हणून शोधा. चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला, पुढची-मागची बाजू स्वच्छ दिसणारा फोटो तिथे अजून असेल.