तुम्ही विचारलंत म्हणून: ओसरीवरचा चिखल

"सर, तुमी सोता मास्तर, अन् घरात हे काहून चालू देता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की पाहुण्याची नजर ओसरीच्या भिंतीकडे वळली तरी तो मला आधीच ऐकू येतो. 'हे' म्हणजे भिंतीवर कोळशाने आणि विटेच्या तुकड्याने काढलेली चित्रे, आड्याला बांधलेला दोर, त्याखालचे कुटाराने, म्हणजे भुशाने, भरलेले पोते आणि कोपऱ्यातील चिखलाची बादली. आजवर मी हसून चहा पुढे करत आलो. आता एकदाच लिहून टाकतो.

दोराचे उत्तर सोपे आहे. मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात ती घरातच घडवावी लागते, नाहीतर तेवढा वेळ मोबाईल गिळून टाकतो. दोराला मी स्वतः लोंबकळून पाहिले आहे. मुले पडू शकतात हे मला कळत नाही, असे कृपया समजू नये.

चिखलाचे उत्तर मात्र अवघड आहे.

थोरला 8 वर्षांचा असताना त्याने तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्यासाठी, मातीचा बैल करायला घेतला. आमची कपाशीची काळी माती ओली असते तोवर लोण्यासारखी वळते, पण वाळताना आक्रसते आणि तडकते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगा पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. त्याचे पहिले दोन बैल मानेशी तुटले. तिसऱ्याच्या मातीत त्याने, कोणीही न सांगता, शेण आणि तुरीचे बारीक कुटार कालवले आणि तो सुपाखाली झाकून चार दिवस सावलीत वाळवला. तो टिकला. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणे त्याची चाके झाली आणि बाभळीचे काटे शिंगे झाले, त्यातले एक जरा आखूड. वशिंड एवढे मोठे होते की बैल सारखा पुढे झुकत असे.

मी मात्र तालुक्याहून रंगवलेला लाकडी नंदी आणून ठेवला होता. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावच्या तान्ह्या पोळ्यातले मोठाले नंदी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आमच्याकडे मुलाच्या नंदीत बापाची हौस किती गुंतलेली असते हे सांगायला नको. मारुतीच्या पारापाशी सजावटीची स्पर्धा होती, आणि मास्तरांचा मुलगा चिखलाचा बैल ओढत येणार, या विचारानेच मला लाज वाटली. "तो आपण घरी पूजेला ठेवू," असे मी म्हणालो, आणि तो काहीही न बोलता नंदीची दोरी धरून माझ्याबरोबर निघाला. नंदीला दुसरे बक्षीस मिळाले, स्टीलचा डबा. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना मिळणारी ओवाळणी, तोही बराच जमला. संध्याकाळी फोटोसाठी मी त्याला हाक मारली, तेव्हा तो मागच्या दारी पागोळीसमोर उकिडवा बसला होता. बैल त्याने स्वतःच पाण्याखाली ठेवला होता. वशिंड वाहून गेले होते, काटे गळून पडले होते आणि धुतल्या गेलेल्या मातीतून कुटाराच्या काड्या वर आल्या होत्या. "बाबा, कुटार जास्त झालं होतं," एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता, तर मला बरे वाटले असते.

डी.एड.च्या परीक्षेत नई तालीमवर मी पानेच्या पाने लिहिली होती. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांनी काम करत शिकण्याचा विचार मांडला, हे सेवाग्रामच्या प्रत्येक सहलीत मी विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि स्वतःच्या मुलाच्या हातचे काम घरात लपवून आलो होतो. तेव्हाच्या मला विचाराल तर तो म्हणेल की गावात मान राखावा लागतो आणि मुलांना वळण लावावेच लागते. त्याचे पहिले म्हणणे मला आता पटत नाही. दुसरे अधूनमधून पटते, विशेषतः भिंत पोतारताना.

त्यानंतर दीड वर्ष त्याने मातीला हात लावला नाही. मी बादलीत माती भिजवून ठेवायचो, ती वाळून फुटायची, मी पुन्हा पाणी ओतायचो. "आता चिखलाचीबी सक्ती कराल का?" असे बायकोने विचारले, तेव्हा मी बादलीकडे पाहणे सोडले. पुढे धाकटी त्यात भाकरी थापू लागली आणि तिच्या भाकरी तडकतात हे न बघवून तो एक दिवस कुटार घेऊन आला.

ही मोकळीक म्हणजे माझे प्रायश्चित्त आहे, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. यामुळे मुले हुशार होतील, असा दावा मी कधीच केलेला नाही. थोरल्याचे गणित कच्चे आहे आणि चिखलात गेलेले तास त्याला कारण असतील का, हा विचार मलाही झोपू देत नाही.

यंदा धाकटीने चिखलाकडे पाहून नाक मुरडले आणि दुकानातला रंगीत नंदीच हवा म्हणून हट्ट धरला. दोन दिवस मी तिला मातीचे गुण सांगितले, शेवटी नंदी आणून दिला. तो ती उशाशी घेऊन झोपते आणि थोरल्याला त्याला हातही लावू देत नाही.