क्लोविस पडला तर: ५११ च्या नकाशापर्यंतचं काम

आपल्या पर्यायी इतिहासाचा फाटा, म्हणजे खऱ्या इतिहासापासून तो जिथे वळतो ती जागा, आता पक्का झालाय. ५०७ साली, गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) प्वातियेजवळच्या वुयेच्या लढाईत व्हिसिगॉथांचा राजा अलारिक दुसरा मारला गेल्यावर दोन गॉथांनी दोन्ही बाजूंनी फ्रँकांचा राजा क्लोविस याच्यावर भाले चालवले. चिलखत आणि चपळ घोडा, एवढ्यावर तो वाचला असं तूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी सांगतो. आपल्याकडे त्यातला एक भाला वर्मी बसतो. त्या दिवशीचं बाकी काहीही बदलायचं नाही.

अलारिकलाही जगवायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. तो जगला तर तुलूजची व्हिसिगॉथ गादी शाबूत राहते आणि त्याचा सासरा, इटलीतला ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक, तिथेच बसतो. नातवाच्या नावाने स्पेनचा कारभार हाती घ्यायला त्याला कारणच उरत नाही. दोन्ही राजे एकाच मैदानात पडले की दोन्हीकडे वारसांचा प्रश्न उभा राहतो, आणि खरा मसाला तिथे आहे.

फ्रँक काही नाहीसे होत नाहीत. नवखे लोक इथेच घसरतात. क्लोविसने आपले नातलग राजे संपवले ते ग्रेगरीच्या क्रमानुसार वुयेनंतर. म्हणजे आपल्या ५०७ मध्ये कलोनचा लंगडा सिगिबर्ट आणि काम्ब्रेचा राग्नाकार दोघेही गादीवर आहेत, आणि सिगिबर्टचा मुलगा क्लोडेरिक तर सैन्यासह वुयेलाच हजर आहे. क्लोविसचा थोरला थ्युडेरिक कर्ता आहे, पण राणी क्लोटिल्डाच्या पोटचा नाही. तिची तिन्ही मुलं अजून लहान. एवढी भाऊबंदकी असताना दहा वर्षं तरी कोणी ल्वार नदी ओलांडत नाही, असं धरलंय.

दक्षिणेत दोन गोष्टी जपा. पहिली म्हणजे तुलूजचा खजिना. खऱ्या इतिहासात तो क्लोविसने नेला. इथे तो जागेवर राहतो, आणि नार्बोनला राजा झालेला अलारिकचा अनौरस मुलगा गेसालेक व फ्रँकांच्या बाजूने उतरलेला बर्गंडीचा मुरब्बी राजा गुंडोबाड, दोघांचाही त्यावर डोळा आहे. ज्याच्या हाती खजिना, त्याच्या हाती सैन्याचा पगार. दुसरी गोष्ट, थिओडोरिकची फौज ५०७ मध्येच आल्प्सपार आणू नका. पूर्व रोमन सम्राट अनास्तासियसचं आरमार ५०८ मध्ये इटलीचा किनारा लुटत होतं; तो मोर्चा फाट्यामुळे रद्द होत नाही. थिओडोरिकचा सेनापती इब्बा याची फौज दक्षिण गॉलमधल्या आर्लला पोचते ती ५०८ मध्येच.

नियम एकच ठेवलाय: पश्चिमेत ५०८ च्या मध्यानंतर जन्मलेला कोणीही खऱ्या इतिहासातून उचलायचा नाही. थिओडोरिकचा नातू अथालारिक गेला, फ्रँकांचे नंतरचे राजे पेपिन आणि शार्लमेन यांचा तर प्रश्नच नाही. गंमत म्हणजे ५३८ च्या सुमारास जन्मलेला ग्रेगरीही गेला. आपल्या फाट्याचा साक्षीदारच उरत नाही. पुढे पूर्व रोमन सम्राट झालेला जस्टिनियन मात्र आधीच जन्मलेला आहे, तो राहतो. ५३६ चं (बहुधा ज्वालामुखीमुळे) झाकोळलेलं आकाश माणसांवर अवलंबून नाही, तेही राहतं.

नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत, ईपीएसजी ३०३५ या युरोपसाठीच्या प्रक्षेपणावर. राज्यांच्या सीमा हाताने ओढू नका. प्रत्येक राज्यबदलाला त्या पुन्हा ओढाव्या लागतात आणि शेजारी बहुभुजांमध्ये फटी पडतात. त्याऐवजी रोमन गॉलमधली शंभरावर सिव्हितास-शहरं (रोमन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं) बिंदू म्हणून भरा. प्रत्येक बिंदूला तीन रकाने: सत्ता, पासून, पर्यंत. मग व्होरोनॉय बहुभुज (प्रत्येक बिंदूला सर्वांत जवळची जमीन) काढून ‘सत्ता’वर डिझॉल्व्ह करा, म्हणजे एकाच सत्तेचे तुकडे जोडून एक करा. वर्ष बदललं की फक्त फिल्टर बदलायचा.

ही युक्ती दोन ठिकाणी फसते. आल्प्समध्ये रेषा सरळ शिखरांवरून जातात, तिथे बहुभुज पाणलोटाच्या रेषेने कापून घ्यावे लागतात. आणि प्रोव्हान्समध्ये शहरं दाटीने, तर उत्तरेत विरळ. त्यामुळे राग्नाकारचं काम्ब्रे नकाशावर उगाच अवाढव्य दिसतं. उत्तरेत भरीव रंगाऐवजी तिरप्या रेघा वापरल्यात, कारण तिथली सत्ता माणसांवर होती, आखलेल्या जमिनीवर नव्हे. आजची किनारपट्टी घेतली असेल तर नेदरलँड्समधलं फ्लेवोलँड आधी पुसा. ती जमीन विसाव्या शतकात समुद्रातून काढलेली आहे.

पुढचा थर थुरिंगियाचा, म्हणजे आजच्या मध्य जर्मनीतल्या राज्याचा. खऱ्या इतिहासात फ्रँकांनी ते राज्य ५३१ मध्ये गिळलं. इथे तिथला राजा हर्मिनाफ्रिड, म्हणजे थिओडोरिकच्या भाचीचा नवरा, टिकतो. पण ५२६ मध्ये थिओडोरिक गेल्यावर ही सोयरीक किती कामाला येते, ते शेजारच्या सॅक्सनांवर ठरेल. त्यांचे बिंदू अजून भरायचेत, आणि तिथे आधाराला सिव्हितास नाहीत.