कॅम्पर ट्रेलरचा बेड, आजींचा गुडघा आणि शिडी

मेलबर्नच्या उत्तरेला कॅम्पबेलफील्ड म्हणून भाग आहे, ऑस्ट्रेलियातले कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर (गाडीच्या मागे ओढायचा, उलगडला की तंबू आणि बेड होणारा) बनवणारे बरेच जण तिथे शेडला शेड लावून बसलेत. त्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये मी फॅब्रिकेशन आणि सर्व्हिस बघतो, त्याआधी नाशिकला सातपूर एमआयडीसीत होतो. ईस्टर जवळ आला की आमच्याकडे नुसता गोंधळ, वर्षभर अंगणात झाकून ठेवलेला ट्रेलर लोक त्याच आठवड्यात बाहेर काढतात आणि मग कुणाचं बेअरिंग गेलेलं, कुणाच्या कॅनव्हासला बुरशी, कुणाला गॅस चेक करून हवाय. त्यात "बेडची शिडी बदलून पाहिजे" हे काम म्हणजे चहा पिता पिता उरकायचं, स्टोअरमधून नवीन शिडी आणायची, हूक बसतात का बघायचं, पुढचा.

तर अशाच गडबडीत एक जोडपं आलं. आजी सत्तरीच्या पुढच्या, उंची जेमतेम पाच फूट, आजोबा सहा फुटाच्या वर. (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारतो, पण मनात माझ्या आजीच असतात.) गिप्सलँडला त्यांची गाईगुरं होती, आयुष्यभर पहाटे उठून दूध काढलं, आता ते सगळं विकून दोघं फिरतात. आजींचा डावा गुडघा बदललेला. मी नेहमीसारखं विचारलं, शिडीला काय झालंय, वाकली का, तर त्या म्हणाल्या, "शिडी चांगली आहे रे, पण कॅम्पला गेलो की दुपारी चारनंतर मी पाणी पीत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग आजोबा म्हणाले, रात्री उतरावं लागू नये म्हणून.

मार्च महिना, बाहेर अजून बऱ्यापैकी ऊन असतं इथे, आणि ही बाई उन्हात दिवसभर फिरून चारनंतर घोटभर पाणी घेत नाही. फोरमनला म्हटलं, या कामाला वेळ लागणार. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे परवानगी.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यांचा ट्रेलर सॉफ्ट फ्लोअर टाईपचा. खाली लोखंडी पेटी, पेटीच्या वर गादी, आणि उलगडला की तंबू बाजूला जमिनीवर पसरतो, त्याला खाली व्हिनाइलची जमीन. म्हणजे तुम्ही तंबूत उभे असता जमिनीवर आणि बेड तुमच्या छातीला. यांच्या ट्रेलरची गादीच्या वरपर्यंत उंची भरली ११५० एमएम. आणि त्याला कंपनीची शिडी म्हणजे दोन हूक, तीन गोल ॲल्युमिनियमच्या दांड्या, जवळजवळ सरळ उभी टांगलेली. स्लीपर क्लासच्या अपर बर्थवर चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, अनवाण्या तळव्यात ती गोल दांडी कशी रुतते ते, फरक एवढाच की रेल्वेत निदान धरायला काहीतरी असतं, इथे वर फक्त गादी आणि बाजूला हलणारा कॅनव्हास.

त्यांनी स्वतः उपाय केलेच होते. ऑनलाइन एक टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणारी शिडी घेतलेली, ती मिटवताना आजोबांचं बोट चेमटलं म्हणून ती गाडीतच पडून. शिवाय शिडी टेकवायचा साधा नियम आहे, चार हात उंचीला एक हात पाया बाहेर, म्हणजे ११५० ला जेमतेम २९ सेंटीमीटर, तो कोन भिंत रंगवायला ठीक आहे, अर्धवट झोपेत उतरायला नाही. फोरमनचं म्हणणं होतं, रुंद सपाट पायऱ्यांची शिडी देऊन टाक, स्टॉकमध्ये आहे, नव्वद टक्के लोक त्यावर खूश असतात. ते खरंच आहे, धडधाकट माणसाला ती पुरते, पायही दुखत नाहीत. आजोबांच्या डोक्यात मात्र घरासारखा जिना. मी त्यांना खडूने फरशीवर काढूनच दाखवला. इथल्या बांधकामाच्या नियमात एका पायरीची उंची जास्तीत जास्त १९० एमएम, खोली कमीत कमी २४०, त्या हिशोबाने ११५० ला सात टप्पे लागतात आणि जिना जवळपास दीड मीटर तंबूत घुसतो. मग खुर्च्या कुठे ठेवणार?

शोरूममध्ये सगळे चढून बघतात, एकदा चढले की "मस्त आहे" म्हणून पैसे देतात. मी आजींना म्हटलं, चढू नका, तुम्ही उतरून दाखवा. आजोबांनी आणि मी मिळून त्यांना वर बसवलं, मग त्यांनी जे केलं ते बघून शेडमधली बाकीची पोरंही हातातलं काम सोडून बघायला लागली. आधी पालथं झोपायचं. मग पाय मागे बाहेर सोडायचे, कमरेपासून खाली अंग लोंबकळतंय, हाताने चादर घट्ट धरलेली, आणि उजवा पाय हवेत दांडी शोधतोय, डावीकडे, उजवीकडे, सापडेना. फिजिओने त्यांना शिकवलेलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, ते त्यांना तोंडपाठ होतं, पण पालथं लोंबकळताना कुठला पाय आधी हे आपल्या हातात राहतच नाही, जो आधी टेकेल तो. शेवटी आजोबांनी घोटा धरून पाय दांडीवर ठेवला. आणि चढताना तर अजून वाईट, शेवटच्या दांडीवरून गादीवर जायचं म्हणजे गुडघ्यावर रांगतच जावं लागतं, आणि बदललेल्या गुडघ्यावर टेकायला भल्याभल्यांना नको वाटतं.

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो आणि आजी खाली उतरून समोरच्या खुर्चीत बसल्या. अगदी सहज, मागे वळल्या, खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली, बसल्या. दुखरा पाय किंचित पुढे. म्हटलं हेच. बेडवरही असंच बसायचं, रांगायचं कशाला? म्हणजे आपल्याला ११५० पर्यंत शिडी लागतच नाही, बेड खुर्चीसारखा लागेल एवढ्या उंचीवर एक उभं राहायची जागा लागते, तिथे उभं राहायचं, वळायचं, बसायचं, पाय वर घ्यायचे. टेप काढली. गादी माणूस बसल्यावर साधारण ४० दबते, म्हणजे १११०. आजींना सोयीची खुर्चीची उंची ४४०. वजा केले, उरले ६७०. त्याचे तीन टप्पे केले तर प्रत्येकी २२३, जिन्यापेक्षा थोडं जास्त पण हाताला आधार असेल तर जमतं, आणि तिन्ही सारखे पाहिजेत, एक जरी टप्पा कमीजास्त झाला की अंधारात पाय चुकतो.

६७० म्हटल्यावर फोरमन म्हणाला, अरे मग घरातली तीन पायऱ्यांची घडीची शिडी, तीही साधारण एवढीच भरते. भरते, पण तिचा वरचा कठडा नेमका बेड आणि माणसाच्या मधे येतो. आडवी लावून बाजूने बेडवर जायचं म्हटलं तर तशा शिडीवर लिहिलेलंच असतं, वरून दुसरीकडे पाऊल टाकू नका, ती बाजूच्या धक्क्याला बनवलेलीच नसते.

शिडीबद्दल चाललंय तर आमच्या पुण्यातल्या मावसभावासाठी एक आडवळण, त्याने थारवर रूफटॉप टेंट घेतलाय आणि तो मला शिडी काढून पायऱ्या लावू का विचारत होता. बाबा रे, तुझ्या त्या उलगडणाऱ्या टेंटमध्ये बाहेर आलेली अर्धी जमीन त्या शिडीवरच टेकलेली असते, शिडी काढलीस तर खाली येशील.

असो. खरी अडचण निघाली छताची. ६७० वर उभं राहिलं की आजींचं डोकं कॅनव्हासला जेमतेम लागतं, बसायला वाकतोच आपण त्यामुळे चालून गेलं. पण आजोबा त्यावर उभे राहिले तर मान छातीला. ते म्हणाले मी आपला जुन्या शिडीनेच जाईन, हूक तसेच ठेव. ठीक. मग मी विचारलं, बाहेरच्या बाजूला कोण झोपतं? हे असले बेड एकाच बाजूने उघडे असतात, आत झोपलेल्याला बाहेरच्याला ओलांडून यावं लागतं. झोपायचे आजोबा बाहेर! म्हणजे आजी रात्री आधी नवऱ्याचा डोंगर ओलांडणार, मग पालथं लोंबकळणार. आजोबा म्हणे लग्नापासून मी डावीकडेच झोपतो. आजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. बाजू बदलली.

आमच्या वर्कशॉपच्या मालकाचं घोडं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. इथे विकायच्या शिड्यांना स्टँडर्ड आहे, घरगुतीला किमान १०० किलो, इंडस्ट्रियलला १२०, तसं लेबल लागतं, आणि आपण काही शिडी बनवणारे नाही, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. रास्त होतं त्याचं. बरंच डोकं खाल्ल्यावर ठरलं की सुटी शिडी द्यायची नाही, ट्रेलरच्या बॉडीला अडकणारा प्लॅटफॉर्म करायचा, काढता येणारा पण लावला की हलणार नाही असा, आणि वजन ठेवून रात्रभर टेस्ट करायचा.

चौकोनी ॲल्युमिनियम पाईपचा सांगाडा, पाय आत घडी होणारे, पुढच्या दोन पायऱ्या बिजागरीवर. वर चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, टाकायला मी नाही म्हटलं, दिसते झकास पण पहाटेच्या थंडीत अनवाणी पायाला बर्फ आणि वर टोचते, त्यापेक्षा प्लाय आणि त्यावर रेघांचं रबर. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. पायांना खाली रुंद चकत्या, कारण व्हिनाइलखाली वाळू असेल तर बारीक पाय रुततो आणि जमीन फाटते, आणि चकत्यांना स्क्रू, कारण आमच्या शेडमधले ११५० कॅम्पवर ११५० राहत नाहीत, ट्रेलरचं तोंड जरा वर-खाली झालं की बेड वर-खाली होतो. आजोबांना बजावलं, आधी कोपऱ्यातले चारही स्टॅबिलायझर, म्हणजे ट्रेलरचे टेकूचे पाय, खाली, मग आजी वर, नाहीतर ट्रेलरच डुलतो.

धरायचा दांडा मात्र प्लॅटफॉर्मला लावला नाही. झोपेतून उठलेला माणूस दांडा धरून स्वतःला ओढतो, मग प्लॅटफॉर्मच अंगावर यायचा. तो बेडच्या फ्रेमला ब्रॅकेट ठोकून उभा केला, उजव्या हाताला, बसल्या जागेवरून कोपर न ताणता पोचेल असा, त्यासाठी आजींना चारदा बसवलं-उठवलं आणि पेनाने खूण केली. मग खालच्या पायरीखाली बारा व्होल्टची एक पिवळसर एलईडी पट्टी, पांढऱ्या उजेडावर किडे फार येतात.

दुसऱ्या दिवशी टेस्ट. शेडचं शटर ओढलं, सगळे दिवे बंद, कंप्रेसरही बंद केला. आजी स्लीपिंग बॅगमध्ये. मी म्हटलं घाई नाही, पडून रहा, वाटलं की उतरा. फोरमन बाहेर दोन गिऱ्हाइकांना थोपवत होता. बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं बाई खरंच झोपली, मग चेनचा आवाज, गादीचा आवाज, दांड्यावर अंगठी लागल्याचा टण्ण, पिवळा उजेड लागला आणि त्यात मोजे घातलेले दोन पाय प्लॅटफॉर्मवर. थांबल्या. मग डावा पाय खाली, उजवा खाली, डावा, उजवा, तोंड समोर, पाठ बेडकडे, आणि जमिनीवर.

"परत," त्या म्हणाल्या आणि लगेच पुन्हा वर.

बिल काही स्वस्त झालं नाही, तयार शिडीच्या कितीतरी पट, मजुरीच जास्त. आजोबांनी कार्ड काढताना विचारलं, हा प्लॅटफॉर्म प्रवासात कुठे ठेवायचा, सांगितलं कुठेही ठेवा पण गादीवर ठेवून वरून तंबू मिटू नका, रस्त्याच्या हादऱ्याने घासून कॅनव्हासला भोक पडतं, गाडीच्या डिकीत टाका. ईस्टर झाल्यावर वर्कशॉपच्या फोनवर मेसेज आला, आजोबांचा, की दिव्याचा उजेड थेट आता माझ्या डोळ्यावर येतो, ही रात्रीत दोनदा लावते, काहीतरी कर. डिमर बसवायचा आहे, पुढच्या सर्व्हिसला घेऊन या म्हटलंय.