पद संपेना, गद्य येईना

जूनचा पहिला आठवडा सरला की आमच्या रंगांच्या दुकानात माशा मारायची वेळ येते. चिपळुणात पावसाळ्यात घराला रंग कोण काढणार? गिऱ्हाईक आलंच तर छपराला लावायचं वॉटरप्रूफिंग नाहीतर गंजलेल्या ग्रिलसाठी रेड ऑक्साइड मागतं. हवा तो शेड मिसळून देणाऱ्या टिंटिंग मशीनवर तर महिना महिना कव्हर असतं. अशाच एका रविवारी दुकान अर्ध्या दिवसात बंद करून घरी आले, तर मुलगी लॅपटॉप टीव्हीला जोडून बसलेली. ती पुण्यात फ्रेंच शिकते. म्हणाली, ‘आई, बस. तुझ्या धंद्यातला सिनेमा आहे.’

सिनेमा होता १९६४चा, ‘ले पाराप्लुई द शेरबुर’. म्हणजे शेरबुर या फ्रान्समधल्या बंदराच्या गावातल्या छत्र्या. दिग्दर्शक जाक दमी, संगीत मिशेल लग्राँचं.

सुरुवातीलाच कॅमेरा बंदरावरून खाली वळतो आणि ओल्या फरसबंदीकडे थेट वरून बघायला लागतो. पाऊस पडतोय, आणि खालून छत्र्या चालल्यात. माणसं दिसतच नाहीत, नुसती रंगीत वर्तुळं इकडून तिकडे. आमच्याकडे पावसाचा रंग एकच, काळपट. छत्रीही काळीच. त्यामुळे मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले.

मग गॅरेज येतं. इंजिन थंड असताना थोडं खडखडतं पण ते चालायचंच, हे मेकॅनिक गिऱ्हाइकाला सांगतो. गाऊन! पुढचं वाक्यही गाऊन, उत्तरही गाऊन. आमचे आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पाच मिनिटांनी पेपर खाली आला.

‘अगं, हे बोलणार कधी?’

‘आजोबा, शेवटपर्यंत बोलतच नाहीत.’

‘म्हणजे पद संपेना, गद्य येईना.’

आप्पांनी तरुणपणी संगीत नाटकं रात्र रात्र जागून पाहिलेली. तिथे हिशेब सरळ असतो, काम बोलण्यात आणि भावना पदात. इथे मात्र ‘आज तासभर जास्त थांबशील का’ हेही सुरात. गंमत म्हणजे त्याच गॅरेजमधला एक जण हात धुता धुता सांगतो की त्याला ऑपेरा सहन होत नाही, ती सगळी गाणारी माणसं नकोत, त्यापेक्षा सिनेमा बरा. हेही तो गाऊनच सांगतो. मुलीनं अर्थ सांगितल्यावर आप्पा इतके हसले की त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली.

गोष्ट दोन ओळींची आहे. छत्र्यांच्या दुकानदारीणबाईंची सतरा वर्षांची मुलगी जनव्हिएव्ह आणि गॅरेजमधला तो मेकॅनिक गी यांचं प्रेम. नोव्हेंबर १९५७मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीवर अल्जिरियाला जावं लागतं, दोन वर्षांसाठी. तिला दिवस गेलेले. पत्रं तुटक येतात. कासार नावाचा एक हिरेव्यापारी तिला मागणी घालतो आणि ती त्याच्याशी लग्न करते. (फ्रेंच उच्चार ‘कासार’च. आप्पा म्हणाले, ‘मग बांगड्या विकायला हव्यात.’)

माझं लक्ष मात्र प्रेमापेक्षा दुकानात अडकलं. जनव्हिएव्हची आई, मादाम एमरी, हातात सरकारी देण्याचा कागद घेऊन रडकुंडीला आलेली. भरायला पैसे नाहीत. मोत्यांचा हार विकायला ती सराफाकडे जाते, सराफ हात वर करतो आणि तिथेच उभा असलेला कासार तो हार घेतो. लग्नाची सगळी गाठ त्या काउंटरवर पडते. बाईंचा चेहरा बघावा. मुलगी प्रेमात बुडालीय आणि हिला डोळ्यांसमोर महिनाअखेर दिसतेय. २०२१च्या जुलैत आमच्या दुकानात छातीएवढं पाणी शिरलं. उतरल्यावर डबे होते पण लेबलं धुऊन गेलेली. कुठल्या डब्यात काय आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळेना. तेव्हा मी बँकेतून परत येताना असाच चेहरा करून आले असणार.

आणि हे सगळं गुलाबी, हिरव्या, जांभळ्या भिंतींपुढे! शेरबुरमधल्या खऱ्याखुऱ्या जागांमध्ये चित्रण केलंय, पण खोल्या नेपथ्यकार बर्नार एव्हेनने नव्याने सजवल्या. एका प्रसंगात पोटुशी जनव्हिएव्ह भिंतीला लागून उभी असते. तिचा झगा फुलाफुलांचा, मागचा वॉलपेपरही फुलाफुलांचा. झगा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, पटकन कळत नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा घेऊन येतं, ‘असाच शेड द्या’ म्हणून, तेव्हा मी नेहमी सांगते की हुबेहूब नको, एक पायरी फिका घ्या, नाहीतर पडदा भिंतीत हरवेल. इथे नेमकं तेच मुद्दाम केलंय. पोरगी घरातच विरघळत चाललीय.

लोक या सिनेमाला गोडमिट्ट म्हणतात ते मला पटत नाही. रंग गोड आहेत, माल कडू आहे. अल्जिरियात फ्रान्सपासून स्वातंत्र्यासाठी जे चाललं होतं त्याला युद्ध म्हणायला फ्रेंच सरकारने अधिकृतपणे १९९९ साल उजाडू दिलं. आणि युद्ध संपून दोनच वर्षं झाली असताना दमी मिठाईच्या डब्यासारख्या सिनेमात ते ठेवून देतो. गी परत येतो तो लंगडत.

सिनेमाचे तीन भाग आहेत: जाणं, नसणं, परत येणं. मला मधला सगळ्यात लागला. जनव्हिएव्ह गीचा फोटो हातात घेऊन म्हणते की त्याची आठवण काढली की आता हा फोटोच डोळ्यांपुढे येतो. झालं. एवढंच. कुणी दगा दिला नाही, कुणी पत्रं लपवली नाहीत. आपल्याकडे असता तर कासारला निदान खलनायक तरी केला असता. इथे तो भला माणूस आहे. पोर माझं समजून वाढवीन म्हणतो आणि वाढवतोही.

त्याच्यासोबतच्या जेवणाचा प्रसंग जानेवारीतला. तेव्हा फ्रान्समध्ये राजांचा केक करतात, आत एक दाणा लपवलेला असतो. ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट. दाणा जनव्हिएव्हला सापडतो. सोनेरी मुकुट घालून ती बसलीय, पोटात गीचं मूल, समोर कासार, बाजूला आशेने बघणारी आई. आमच्या घरात त्या वेळी कुणीच बोललं नाही. फक्त पन्हळीचं पाणी.

गाण्यांचं मुलीला नवल वाटलं, मला आणि आप्पांना नाही. पडद्यावर जनव्हिएव्ह झालेली कातरीन दनव्ह, पण गळा दानिएल लिकारीचा. आईचा आवाज खुद्द लग्राँच्या बहिणीचा, क्रिस्तियान लग्राँचा. लताबाईंच्या आवाजावर वाढलेल्यांना यात विशेष ते काय? पण इथे अख्खा सिनेमा आधी ध्वनिमुद्रित झाला आणि नटांनी तो लावून मग काम केलं. म्हणजे दारापर्यंत किती वेळात पोचायचं, कप कधी उचलायचा, गळ्यात कधी पडायचं, सगळं आधीच ठरलेलं. मुलगी म्हणाली की असं बांधून घातल्यावर अभिनय कसा जमतो? आप्पा म्हणाले, ‘तबलजी काय तुझ्यासाठी थांबतो?’

आता धंद्यातली गोष्ट. ज्या ईस्टमनकलर फिल्मवर हा सिनेमा काढला तिचे रंग काळाबरोबर विटतात. मूळ निगेटिव्ह विटलीच. पण दमीने आधीच शहाणपणा करून रंग तीन भागांत फोडून तीन कृष्णधवल प्रती करून ठेवल्या होत्या. कृष्णधवल प्रत टिकते. दमी १९९०मध्ये गेला आणि त्यानंतर त्या दशकात त्या तीन प्रतींवरून रंग परत उभे केले. त्यात त्याची बायको आन्येस वार्दा, तीही मोठी दिग्दर्शिका, पुढे होती. हे मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मी तिला आमची वही आणायला लावली. तीत कुणाच्या हॉलला कुठला शेड, कुठला बेस, कुठला टिंटर किती, सगळं लिहिलेलं. सात वर्षांनी माणूस येऊन ‘तोच द्या’ म्हणतो, तेव्हा डबा गेलेला असतो, भिंत विटलेली असते, पण वही असते. पुरातही ती वरच्या फळीवर होती म्हणून वाचली.

पुढच्या रविवारी दमीचाच ‘ले दमुआझेल द रोशफोर’, म्हणजे रोशफोरच्या मुली, पाहिला, १९६७चा. तो पुष्कळच हसरा. इथे बोलणंही आहे, त्यामुळे आप्पा खूश. रोशफोर गावातल्या चौकाभोवतीच्या खिडक्यांच्या झडपा या सिनेमासाठी रंगवून घेतल्या, हे कळल्यावर मी मनातल्या मनात ऑइलपेंटचे लिटर मोजायला लागले आणि निम्मं गाणं हुकलं. एका बाईने प्रियकराला का सोडलं? तर त्याचं आडनाव ‘दाम’. लग्न झालं तर ‘मादाम दाम’ म्हणवून घ्यावं लागेल, म्हणून! दनव्ह आणि तिची सख्खी बहीण फ्रांस्वाझ दोर्लेआक यात जुळ्या बहिणी झाल्यात. सिनेमा मार्चमध्ये लागला, जूनमध्ये दोर्लेआक मोटार अपघातात गेली, पंचविसाव्या वर्षी. त्या दोघी एकसारखे झगे घालून नाचतात ते त्यानंतर नुसतं मजेत बघवत नाही.

पण मन माझं शेरबुरमध्येच राहिलं. डिसेंबर १९६३. बर्फ पडतंय. गीचा आता स्वतःचा पेट्रोलपंप आहे, बायको आहे, मुलगा आहे. काळ्या मर्सिडीजमधून जनव्हिएव्ह येते, शेजारी त्याची मुलगी. दोघं आत ऑफिसात चार वाक्यं बोलतात. पोरीला बघायचंय का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो. बर्फाने पंपाचे सगळे रंग झाकत आणलेत, पांढरा हात मारल्यासारखे. गाडी जाते. बायको-मुलगा परत येतात, तो पोराशी बर्फात खेळायला लागतो.

मुलगी डोळे पुसत म्हणाली, ‘थांबायला हवं होतं तिने.’

आप्पा म्हणाले, ‘तिच्या आईचं बरोबर होतं.’ मग जरा वेळाने, ‘बरं, त्या पोऱ्याने विचारलं होतं ना कुठलं पेट्रोल? मग भरलं का?’

‘आजोबा!’

‘अगं, गिऱ्हाईक होतं ते.’

मी वही उचलून पिशवीत टाकली. सोमवारी दुकान उघडल्यावर आधी ती फळीवर ठेवायची होती.