व्हॉल्व्हच तर आहे, मग एवढे कागद कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण भोसरीत एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन करताना आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं, "मॅडम, आमचा माल म्हणजे व्हॉल्व्ह, बंदूक थोडीच आहे, मग एंड यूझर सर्टिफिकेट, स्कोमेटचं लायसन्स, हे सगळं कशाला?" एंड यूझर सर्टिफिकेट म्हणजे माल शेवटी कोण आणि कशासाठी वापरणार याची लेखी हमी, आणि स्कोमेट म्हणजे साध्या कामाला आणि शस्त्रांनाही चालेल अशा मालाची सरकारी यादी, त्यातला माल देशाबाहेर पाठवायला लायसन्स लागतं.

साध्या स्टीलचा असेल तर सहसा प्रश्न येत नाही. पण हॅस्टेलॉय नावाच्या मिश्रधातूचा, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर निकेल, साइझ १० मिलिमीटरपेक्षा मोठी आणि आत जिथे जिथे केमिकल लागतं तिथे सगळा तोच धातू, असा व्हॉल्व्ह स्कोमेटच्या यादीत बसतो. तो फार्मा प्लांटमध्ये ॲसिडला टिकतो तसाच विषारी वायू बनवणाऱ्या प्लांटमध्येही टिकतो.

ही यादी दिल्लीत कुणी मनाने काढलेली नाही. इराण-इराक युद्धात, १९८४ साली, युनोच्या पथकाला रासायनिक शस्त्रं वापरल्याचे पुरावे मिळाले आणि मग उघड झालं की इराकने बरीचशी केमिकलं आणि मशिनरी सरळ बाजारातून, बिलं फाडून घेतली होती. थायोडायग्लायकॉलच घ्या, शाईत आणि कापडाच्या डाइंगमध्ये वापरतात, आणि त्याच्यापासूनच मस्टर्ड गॅस होतो. एका देशाने नाही म्हटलं की दलाल दुसऱ्या देशात जाणार, मग त्या एका 'नाही'ला अर्थ काय राहिला? म्हणून १९८५ ला ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने काही देश एकत्र बसले, तोच ऑस्ट्रेलिया ग्रुप, आणि अशा व्हॉल्व्हची यादी मुळात त्यांची. तरी मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जा गावात विषारी वायूने हजारो माणसं गेली. दारात, बाळाला छातीशी धरून पडलेल्या माणसाचा तिथला फोटो मी पाहिलाय, तो डोळ्यांसमोरून जात नाही.

या ग्रुपचं खरं काम यादी नाही, कळवाकळवी आहे. एकाने ऑर्डर नाकारली की बाकीच्यांना कळवतो, आणि तसाच माल त्याच पार्टीला दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर आधी नाकारणाऱ्याशी बोलायचं. कायद्याने बांधलेला करार नाही, तरी हे पाळतात. भारत १९ जानेवारी २०१८ ला यात आला, त्याआधी महिनाभर शस्त्रांसाठीच्या वासेनार व्यवस्थेत.

काहीजण म्हणतात हे मोठ्या देशांचे डाव आहेत, आपल्यालाच नाही का रॉकेटच्या इंजिनाचं क्रायोजेनिक तंत्रज्ञान मिळू दिलं नव्हतं १९९० च्या दशकात. खरंय, तो राग मलाही आहे. पण त्यामुळे आपला माल कुठे जातो ते बघायचं सोडायचं का?

मागच्या वर्षी एका ऑर्डरच्या फॉर्मवर एंड यूज लिहिला होता दूध प्रक्रिया. अहो, दुधाला कोण हॅस्टेलॉय लावतं, साधं स्टेनलेस स्टील, एसएस ३१६, पुरतं की! पत्ता शोधला तर एका बिल्डिंगमधलं ट्रेडिंग ऑफिस, डेअरीचा पत्ताच नाही. मालकांना म्हटलं, दादा, थांबा जरा. ते चिडले, ऑर्डर मोठी, त्यात महिनाअखेर, पण थांबले. आम्ही एवढंच विचारलं की प्लांट कुठे आहे आणि कुठल्या लाइनवर बसवणार. तीन मेल केले, उत्तर नाही. ऑर्डर सोडली आणि त्याच दिवशी डीजीएफटीला, म्हणजे हे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, लेखी कळवलं, कारण तो माणूस दुसऱ्या दिवशी कोइमतूरच्या व्हॉल्व्हवाल्याला फोन लावणार होता, नाहीतर इटलीतल्या.