संमतीपत्रातलं एक वाक्य आणि माझे पाच महिने

प्रोटीन कार्बोनिलची, म्हणजे ऑक्सिडेशननं प्रथिनांवर उमटलेल्या खुणेची तपासणी किचकट आहे, असं सगळेच घाबरवतात. मला ती दीड महिन्यात जमली. पाच महिने गेले ते संमतीपत्रात, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

बायोकेमिस्ट्रीतल्या एमडीसाठी माझा प्रबंध होता: मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांच्या रक्तात प्रथिनांचं ऑक्सिडेशन किती झालेलं असतं? हे ऑक्सिडेशन करणारे अस्थिर रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल, क्षणात नाहीसे होतात, हाती लागत नाहीत. पण त्यांनी प्रथिनांवर केलेली खूण टिकते, म्हणून तीच मोजायची. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावरून तीन गट केले: दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत, ३० ते ३०० आणि त्याच्या वर. विषय, गाईड, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा, सगळं पटापट झालं.

मग रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं ऑफिस. पहिल्यांदा फाइल परत आली ती एकाच शेऱ्यासह: संमतीपत्रात '५ मिली रक्त' याच्यापुढे 'एक चमचा' लिहा. लिहिलं. बैठक दोन महिन्यांतून एकदा. दुसऱ्यांदा शेरा आला, पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख नाही. ती तर पहिल्या वेळीही नव्हती! "सर, हे तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मॅडम, एक त्रुटी निघाली की फाइल तिथेच थांबते." म्हणजे दहा त्रुटी असतील तर दहा फेऱ्या. इकडे रुग्ण ओपीडीत येऊन जात होते आणि मी एकाचंही रक्त घेऊ शकत नव्हते.

तिसऱ्या वेळी मागितलं उलट भाषांतर. मराठी संमतीपत्र दुसऱ्या कुणाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचं. ओळखीच्या मराठीच्या प्राध्यापिकेकडे कागद दिला. त्यात मी लिहिलं होतं, 'प्रथिनांचे ऑक्सिडीकरण दर्शविणारे रक्तनिर्देशक'. बाईंनी फोन केला, "अगं, मलाच हे कळत नाही, तर भाषांतर कशाचं करू?" फोन ठेवल्यावर चिडचिड झाली. पण खरं सांगते, बाईंचं बरोबर होतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात, रुग्णाला समजेल अशा त्याच्या भाषेत लिहा.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ओपीडीच्या बाकावर बसले. शेजारी एक मावशी होत्या, मांडीवर जुन्या रिपोर्टांची पिशवी. त्यांना म्हटलं, "साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की रक्तातल्या प्रथिनांवर, लोखंडावर गंज चढावा तसा परिणाम होतो. तो किती झालाय ते आम्ही मोजणार." त्यांना लगेच पटलं. मग पिशवी घट्ट धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं डायलिसिस टळेल का?"

तिथे मी गप्प झाले. कारण टळणार नव्हतं. किडनीचं निदान आणि उपचार आजही लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघूनच होतात. माझ्या मार्करवरून कुणाची एक गोळीही बदलणार नव्हती. संमतीपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात वाक्य घातलं: 'या तपासणीचा तुम्हाला थेट फायदा नाही, तुमची औषधं यावरून बदलणार नाहीत.' या मसुद्यावर मंजुरी मिळाली.

तुम्ही हेच काम करणार असाल तर आवृत्ती क्रमांक आजच टाका. रुग्ण अंगठा देणार असेल तर त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते, त्याची जागा ठेवा. रक्त उपाशीपोटीच घ्या. एओपीपी ही प्रथिनांच्या ऑक्सिडेशनची माझी दुसरी तपासणी, ती ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतात आणि चरबीनं गढूळ झालेलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) तिथे खोटा वाढीव आकडा देतं. मधुमेहात ट्रायग्लिसराइड तसेही चढलेले असतात. काहींचं सीरम, काहींचा प्लाझ्मा असं करू नका, प्लाझ्मात राहणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनामुळे तुलनाच बिघडते. कार्बोनिलच्या तपासणीत डीएनपीएच (कार्बोनिलला चिकटणारं पिवळं रसायन) घातल्यावर इथेनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणानं प्रथिनांचा गाळ तीनदा धुवायचा. वरचा द्रव पिवळा येत असेल तर थांबू नका, सुटं डीएनपीएच उरलं की आकडा फुगतो. पण ओतताना गाळाचा कण निसटला तर उलट कमी येतो. म्हणून शेवटी प्रथिन मोजून दर मिलिग्रॅममागे हिशेब करा. डीएनपीएचची बाटली ओलसर असते, ती वाळवू नका, कोरडं झालं तर स्फोटाचा धोका असतो.

आणि हो, उरलेल्या सीरमसाठी वेगळं कलम घाला. मला नंतर थायॉल, म्हणजे प्रथिनांतले गंधकाचे गटही बघायचे होते, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये नळ्या तयार होत्या, पण संमती दोनच तपासण्यांची. पुन्हा त्याच खिडकीपाशी गेले, सगळे शेरे आधीच भरून. या वेळी १९ दिवसांत पत्र हातात पडलं.