ओपन प्लॉट अपडेट: झाडं लागली, गळा मात्र वर ठेवला

तर मंडळी, रविवारी आमच्या बेसा साईडच्या ले-आऊटमध्ये झाडं लागली एकदाची. दोन-तीन दमदार पाऊस होऊ दिले, माती वीतभर खाली ओली लागली तेव्हाच तारीख धरली, नाहीतर ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोसाठी लावतात अन् नागपुरात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असते. कडुनिंब, करंज, बहावा, नाल्याकडून अर्जुन.

खड्डे आधीच जेसीबीनं मारून ठेवलेले. काळ्या मातीत हीच भानगड, बकेटनं भिंती चोपून गुळगुळीत होतात, मुळं बाहेर न जाता आतच फिरत राहतात अन् वरून पाणी साचते ते वेगळं. म्हणून सब्बल (पहार) घेऊन भिंती खरवडल्या, तळात माती परत टाकून पायानं दाबली. खोली रोपाच्या पिशवीएवढीच, रुंदी तिप्पट.

पिशवी फाडली तर एका करंजाची मुळं तळाशी चकलीसारखी गुंडाळलेली. कटरनं तीन बाजूंनी उभे काप दिले. एक काकू म्हणे, "अरे भाऊ, मुळंच तोडून राहिला, जगन का मंग ते?" जगते काकू, वेटोळं तसंच ठेवलं तर काही वर्षांनी तेच मूळ खोडाला फास लावते.

आता गळा, म्हणजे खोड पसरून मुळं चालू होतात ती जागा. पिशवीत त्यावर बरेचदा इंच-दोन इंच माती चढलेली असते, ती बोटानं उकरून काढायची, मग खड्ड्यावर आडवी काठी ठेवून लेव्हल बघायची. भरलेली माती नंतर बसते म्हणून मी बोटभर वरच ठेवला. शेणखत तळात अजिबात नको, कुजलं की झाड खाली धसते, वरून पसरवा. पाहुणे रोपाला मानगुटीला धरतात, तर त्यांच्या हाती पिशवीसकटच दिलं, फोटो झाला की परत घेतलं 😄

बांबूला जुन्या साडीच्या पट्टीनं सैल बांधलं, पालापाचोळा खोडापासून वीतभर दूर. ट्रीगार्ड यायचेत, तोवर बाभळीच्या काट्या, कारण बकऱ्या रोज येऊन राहिल्या.

मार्चनंतर जमिनीला भेगा पडल्या की दिलेलं पाणी सरळ खाली जाते, तेव्हा तुम्ही भेगा बुजवून आळं करता की झाडाजवळ पाण्याचा मटका जमिनीत पुरता?